मागच्या खिडकीतली चकती

—नाही, नाही, उभे नका राहू, त्या स्टुलावर बसा, एक पाय आखूड आहे त्याचा तेवढं सांभाळा — आणि मी सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, या भिंगाची शपथ, अठ्ठावीस वर्षं हे भिंग माझ्या डोळ्याला आहे, त्याची खोटी शपथ घेतली तर उद्या मला मिनिटकाटा कुठला आणि तासकाटा कुठला ते कळणार नाही. सगळं खरं. म्हणजे, एक गोष्ट सोडून. नाही — तीही खरीच धरा, नाहीतर तुम्ही कुठली ती, कुठली ती करत बसाल आणि ऐकायचं राहील. तर काय म्हणत होतो? धूळ. तुम्ही विचारलंत घड्याळ का थांबलं, मी म्हटलं धूळ, तुम्ही म्हणालात घड्याळ तर बंद असतं, धूळ शिरते कुठून — आणि मी म्हटलं, माझी बायकोही बंद घरातच असायची. असायची म्हणतोय, ऐकताय ना? शेवट गोड आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तोंड असं करून बसायला नको. ती आता मागच्या खोलीत असते, मजेत. या घरात आता खोकणारं कुणी नाही.

थांबा, झाकण निघालं. हे बघा — नाही, तुम्हाला नुसत्या डोळ्यानं दिसायचं नाही, मीच सांगतो. झाकण उघडलं की माणूस कुठं राहतो ते मला कळतं. हसू नका. पिवळी धूळ असली म्हणजे शेजारी बांधकाम, पांढरी म्हणजे पिठाची गिरणी नाहीतर फळ्याशी जन्म गेलेला मास्तर, आणि काळी, चिकट, बोटाला लागली की साबणानं न निघणारी — म्हणजे माझ्यासारखा, गाड्यांच्या तोंडाशी राहणारा. तुमची काळी आहे. मोठ्या रस्त्याला राहता? — बघा. मी काय म्हटलं? एकदा एक भिंतीवरचं घड्याळ आलं होतं, त्यात इतकी धूळ, इतकी धूळ, की लंबकाच्या मागं एक रोप उगवलं होतं, दोन पानांचं. मी ते चिमट्यानं काढून धाकट्या भावाला दिलं, तो माळी आहे मोठ्या बागेत, त्यानं मागच्या अंगणात लावलं, आणि आज तिथं झाड आहे, दोन माणसांच्या कवेत न येणारं. विश्वास नसेल तर — नको, मागं जायला नको. बसा.

ते? ते काही नाही. आत पडद्यामागं एक जुनं घड्याळ आलंय दुरुस्तीला. ठोके द्यायच्या आधी जुनी घड्याळं घरघरतात ना, तसं आहे ते. ठोका काही देत नाही, नुसतं घरघरतं. लक्ष देऊ नका.

तर तुम्हाला वाटतं धूळ म्हणजे जी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं ती. ती बिचारी साधी असते. मी हा रबरी फुगा दाबला — फुस्स — की उडाली. दिसते ती धूळ घड्याळ बंद पाडत नाही. जी दिसत नाही ती तेलात जाऊन बसते, तेल आणि ती मिळून एक लेप होतो, पॉलिश कागदासारखा, आणि चाक ज्या टोकावर फिरतं ते टोक तो रोज थोडं थोडं खातो. घड्याळ चालूच असतं. नुसतं मागं पडतं. आज अर्धा मिनिट, पुढच्या महिन्यात दोन मिनिटं, माणूस काटा पुढं करतो आणि विसरतो. आमच्या हिचं तसंच. बाजारातून येताना कोपऱ्यावर उभी राहायची, पिशवी खाली ठेवून, जणू काही आठवलं. मी विचारायचो, काय विसरलीस? म्हणायची, काही नाही. मग पाण्याची बादली उचलल्यावर काही आठवायला लागलं. मग केस विंचरतानासुद्धा. मी आपला चिडवायचो, तुझी स्मरणशक्ती फार वाढली म्हणून. अठ्ठावीस वर्षं घड्याळं उघडतोय मी — मागं पडणं म्हणजे काय हे मला दुसऱ्यानं सांगायला हवं होतं का?

आमचं घर कसं आहे सांगतो, म्हणजे समजेल. पेन्सिलीच्या डबीसारखं आहे, लांबट आणि अरुंद. पुढं हे दुकान, दुकानामागं हा पडदा, पडद्यामागं आमची निजायची खोली, तिची खिडकीपण रस्त्यावरच, बाजूनं. मग मधलं दार. दाराच्या पलीकडं धाकट्याच्या दोन खोल्या, आणि त्या उघडतात अंगणात. वडील गेले तेव्हा वाटणी करायला बसलो, तर धाकटा म्हणाला, दादा, तू आधी घे. आता हे बोलणं सरळ आहे की नाही? सरळ आहे. पण मला वाटलं, हा एवढा सरळ बोलतोय म्हणजे याचा पुढच्या भागावर डोळा असणार. लहानपणी असंच करायचा — आई विचारायची कुठला तुकडा हवा, तो म्हणायचा कुठलाही, आणि आई त्यालाच मोठा द्यायची. म्हणून मी म्हटलं, पुढचा माझा. रस्त्याकडचा. तेव्हा रस्त्यावर तासाला चार गाड्या जायच्या, त्यातल्या दोन सायकली. मग नदीवरचा पूल बंद झाला, ट्रक इकडून वळवले, सहा महिन्यांसाठी म्हणून. नऊ वर्षं झाली. माझ्या खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तर तुम्हाला सही करता येईल, शाई लागणार नाही. आणि मागं? मागं पानं धुतल्यासारखी. एका घरात, एका छपराखाली, एका आईच्या पोटची दोन माणसं — एकाला मिळावा धूर आणि एकाला मिळावी सावली. आणि निवडलं कुणी? मी. म्हणजे तक्रार करायची तीसुद्धा सोय नाही.

बरं, खोली नाही माझ्या डोळ्यात खुपली. खुपलं दुसरंच. आमची ही दुपारी काम आवरलं की मागं जाऊन बसायला लागली, जावेकडं. दोघी अंगणात बसायच्या, काही निवडत, काही टाके घालत. आणि मी इथं टेबलावर वाकलेला, डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढा स्क्रू — आणि मागून हसण्याचा आवाज. तिचा. मला आधी ओळखूच आला नाही. इथं पुढं ती हसायचीच नाही, कारण हसलं की खोकला लागायचा, आणि खोकला लागला की अर्धा तास जायचा, म्हणून तिनं हसणं सोडून दिलं होतं, जसं कुणी तिखट सोडतं. माझ्या एवढ्या गमतीजमती, गिऱ्हाइकं पोट धरतात, आणि बायको नुसती मान हलवते — मला वाटायचं जुनं झालं असेल आपलं तिला. आणि मागं काय, तर धाकट्याचा एखादा फालतू विनोद, ते बागेतल्या पाइपाचं आणि साहेबाच्या टोपीचं, दहा वेळा सांगितलेलं, आणि त्यावर ती खळखळून. परत खोकला नाही, काही नाही. संध्याकाळी यायची ती गालावर रंग घेऊन. म्हणायची, भावोजींकडं किती मोकळं वाटतं. एक दिवस म्हणाली, ठीक आहे. दोन दिवस म्हणाली. रोज? तुम्हीच सांगा, तुमच्या बायकोनं रोज संध्याकाळी येऊन सांगितलं की दिराच्या खोलीत मोकळं वाटतं, तर तुम्ही काय म्हणाल? — लग्न नाही झालेलं. बरं आहे. लोक म्हणतात जळफळाट. जळत वगैरे काही नाही हो. कुणीतरी छातीवर बसून चण्याएवढं वजन रोज वाढवतं, तसं असतं.

आणि मग एक दिवस धाकट्यानं त्या मेडिकल कॉलेजच्या बाईंना आणलं. हवेची तपासणी करतात म्हणे, घरोघर. चांगल्या होत्या बाई, पायात साधी चप्पल, खांद्याला मोठी पिशवी. आम्हा चौघांना अंगणात बसवलं आणि एक नळी काढली, तिच्या कडेला काटा, जोरात फुंकायचं, काटा जिथं जाईल तिथं थांबतो. मी पहिला. अशी फुंक मारली, अशी, की काटा शेवटच्या आकड्याला आपटून नळीच वाकडी झाली, बाई म्हणाल्या, अहो काका, पुरे. मग धाकटा फुंकला, पाचशेवीस. त्याची बायको, धाकटी, चारशे. म्हणजे माझे पाचशेच्या वर असणार, नाही का. — बरं, तीनशेचाळीस. नळीबिळी वाकली नाही. मला परत फुंकायचं होतं, बाईंनी तीनदा फुंकू दिलं, तिन्ही वेळा तीनशेचाळीस, आणि धाकटा शेजारी उभा राहून म्हणतो, दादा, जरा वाकून फुंक, सोपं जातं. मला शिकवतोय. मग आमची ही फुंकली. काटा थोडा हलला. बाई म्हणाल्या, परत. परत फुंकली, डोळ्यात पाणी आलं तिच्या. एकशेसाठ. बाईंनी वहीत लिहिलं. धाकटीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि मला काय वाटलं असेल? खरं सांगू? मला वाटलं, बरं झालं, माझा आकडा सगळ्यांत कमी नाही. झालं ते असं आहे. पुढं जाऊ.

बाईंनी समजावून सांगितलं सगळं. गाड्यांच्या धुरातला जो बारीक कण असतो तो केसाच्या तिसाव्या भागाएवढा, म्हणाल्या. नाकात अडकत नाही, घशात अडकत नाही, पार फुप्फुसाच्या तळाशी जातो, त्यातला काही तर तिथून रक्तात उतरतो, आणि मग नुसता दमाच नाही, हृदयालाही त्रास. आमची ही म्हणाली, पण मी रोज दोनदा पुसते हो खिडकी. बाई म्हणाल्या, पुसता ती वेगळी धूळ, काकू. मी मान डोलावत होतो, मला नवीन नव्हतं काही — तेल आणि लेप, मी तुम्हाला मघाशी सांगितलं तेच.

मग त्यांनी दोन डब्या काढल्या. हातात मावतील एवढ्या, आत छोटी मोटर, माणूस श्वास घेतो तशी हवा ओढून घेणारी, आणि पारदर्शक टोपणाखाली एक पांढरी चकती, नाण्याएवढी. म्हणाल्या, ही चकती आम्ही काचेच्या पेटीत तोलून आणलीय, आठ दिवसांनी परत तोलू, जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ तुमच्या छातीत. एक डबी लावली आमच्या खिडकीत, एक मागं धाकट्याच्या खिडकीत. गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंग लावून आमची चकती बघितली. राखाडी. मागं जाऊन बघितली — हो, गेलो, सहज गेलो, भावाचं घर आहे — पांढरी. तिसऱ्या दिवशी आमची अशी, या माझ्या कोटाच्या बाहीसारखी, आणि मागची? दुधासारखी. मला झोप लागेना. लागली, पण उशिरा लागली. मी काय विचार करत होतो माहितीये? की आता कागद येणार. शिक्का मारलेला. त्यावर लिहिलेलं असणार की धाकट्याची हवा चांगली आणि माझी वाईट. आजवर नुसतं वाटत होतं, आता सिद्ध होणार. आणि ती तो कागद वाचणार. मग ती दुपारचीच कशाला, सकाळचीही जाईल तिकडं. मग ती तिकडं हसत बसेल आणि मी इथं, माझ्या निवडलेल्या रस्त्यावर.

हा फुगा. हाच, हातात आहे हा. याचंच काम आहे सगळं. आमच्या खिडकीच्या जाळीवरची काजळी मी ब्रशनं काढली, मलमलच्या कापडातून दोनदा गाळली — जाड गेली असती तर बाईंनी एका नजरेत ओळखलं असतं, त्या काही खुळ्या नव्हत्या — आणि जी खाली पडली, जी पडताना दिसतसुद्धा नव्हती, ती भरली फुग्यात. धाकटा बागेवर. धाकटी आणि ही अंगणात. मी मागच्या खोलीत, खिडकीपाशी, मोटर हवा ओढत होतीच, तिच्या तोंडाशी नेऊन — फुस्स. एवढंच. मग भिंगातून बघायचं रंग किती आला. कमी वाटला तर परत अर्धा दाब. पाच दिवस, रोज दुपारी. शेवटच्या दिवशी मी दोन्ही चकत्यांचे रंग मनात शेजारी ठेवून बघितले तर तुम्हाला सांगतो, सख्ख्या बहिणी. मागची एक छटा फिकी ठेवली मुद्दाम, संशय नको. असलं काम दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायचं नाही. मला तेव्हा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू. नाकाला रुमाल बांधून केलं सगळं.

हो, रुमाल. म्हणजे — माहीत होतं ना मला ते काय आहे. बाईंनीच सांगितलं होतं. मी आपला रुमाल बांधून काम केलं आणि सोडून मागं फिरलो, आणि रात्री त्या खोलीत धाकटा आणि धाकटी निजायची. फार नसेल हो. चिमूटभर असेल. पण तिसाव्या भागाएवढी चिमूटभर म्हणजे किती, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही.

हलू नका, स्टूल हलतं, टेबल हलतं, हे बॅलन्सचं चाक बसवतोय मी. — परत घरघरलं का? त्याला तेल पाहिजे. बघतो नंतर.

कागद आला. शिक्का होता. पुढची हवा वाईट, मागची जवळजवळ तेवढीच वाईट. बाई स्वतः आल्या होत्या द्यायला, झाडाकडं बघत राहिल्या बराच वेळ, म्हणाल्या, नवल आहे, इतका आडोसा असून. मी म्हटलं, वारा फिरतो इकडं. धाकट्यानं कागद दोनदा वाचला, घडी घातली, उलगडली. आमच्या हिनंही वाचला, चष्मा लावून, अगदी शेवटपर्यंत. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, अरे वा, म्हणजे आपलं काही वाईट नाही. ती काय म्हणाली माहितीये?

म्हणाली, "म्हणजे मला तिथं बरं वाटायचं ते माझ्या मनाचेच खेळ होते."

बस. एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून मागं जाणं बंद. धाकटी बोलवायला आली तर म्हणते, नको, उगाच तुमची दुपार मोडते मी, हवा काय दोन्हीकडं सारखीच. अहो, तिच्या छातीला कळत होतं. वर्षभर कळत होतं. त्या छातीवर तिनं विश्वास ठेवला नाही आणि शिक्क्यावर ठेवला. पडद्यामागं खिडकीपाशी बसायला लागली, खिडकी बंद करून, जणू त्यानं काही होतं. आणि मला हवं होतं ते मिळालं, नाही का? दुपारभर माझ्याजवळ. दहा पावलांवर. मागून हसणं नाही काही नाही. ही घड्याळं बघा, ही सगळी — एकेका काचेच्या झाकणाखाली ठेवलीत मी, धूळ बसू नये म्हणून. ती त्यांच्यामागं बसायची.

ते एक सोसलं असतं. आठ दिवसांनी धाकटा आला, इथंच, तुम्ही बसलाय त्या स्टुलावर बसला, त्याला त्याचा आखूड पाय माहीत आहे, तो बरोबर सांभाळून बसतो. म्हणाला, दादा, एक सांगायचं राहिलं. त्या बाईंना मी काही तपासणीसाठी म्हणून आणलं नव्हतं. वहिनींचं बघवत नव्हतं मला. आम्हाला एक खोली पुरते, दुसरी तुम्ही घ्या, असं किती दिवस मनात होतं. मी पलंगाचं मापही घेऊन ठेवलं होतं, झाडाच्या बाजूची खोली, बरोबर बसतो. पण मी नुसतं म्हटलं असतं तर तू घेतली असतीस का?

घेतली असती का? नसती. त्याच्याकडनं? मेलो असतो पण घेतली नसती. त्याला ते माहीत.

म्हणाला, "म्हणून म्हटलं, बाहेरच्या कुणीतरी लिहून दिलेलं असलं की तू ऐकशील. तो कागद तुझ्यासाठी होता, दादा. पण आता काय, दोन्हीकडं सारखंच निघालं."

आणि उठून गेला. जाताना या स्टुलाखाली घालायला एक लाकडाची चकती करून आणतो म्हणाला.

तर मग मी काय केलं? सांगतो, शेवट गोड आहे म्हटलं ना. मी उठलो. हा फुगा हातात घेतला, मधलं दार उघडलं आणि सरळ त्याच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, हे बघ, हा तुझा वारा. सगळं सांगितलं, मलमल, रुमाल, सगळं. मग असा भडकला, असा भडकला, की कुंड्या फोडल्या त्यानं, सात कुंड्या, मी मोजल्या, एक माझ्या कानाजवळून गेली, शिव्या अशा दिल्या की शेजारी गच्चीवर आले. आणि मग आम्ही दोघांनी पलंग उचलला. मधल्या दारातून निघेना, तेव्हा चारही पाय सोडवले, आडवा केला, धाकटा पुढं, मी मागं, ती आमच्यामागून उशी घेऊन, धाकटी म्हणते भिंतीचा रंग सांभाळा — आणि ठेवला, झाडाच्या खिडकीखाली, बरोबर बसला, बोटभर जागा उरली. आणि ती पलंगावर बसली आणि आम्हा दोघांची तोंडं बघून हसायला लागली. हसली, हसली, आणि खोकला नाही. त्या दिवसापासून—

काय?

कुठं बघताय?

हो. पडद्याखाली. दिसतायत. पलंगाचेच पाय आहेत ते. दोन दिसतात इथून, पलीकडचे दोन भिंतीला आहेत.

आणि ते घरघरतंय ते घड्याळ नाही.

मी म्हटलं होतं ना, एक गोष्ट सोडून. ती ही. चकती खरी, फुगा खरा, रुमाल खरा, कागद तर अजून त्या फळीवर आहे. झाड वडिलांनी लावलेलं, ते सोडा. पण पलंग हलला नाही. कुंड्याही फुटल्या नाहीत. मी गेलोच नाही. म्हणजे जातो — मधल्या दारापर्यंत रोज जातो, इथून अकरा पावलं आहेत, कडीला हात लावतो आणि परत येतो. तुम्हाला वाटत असेल, तो रागावेल म्हणून भितो मी. रागावला असता तर कधीच सांगून मोकळा झालो असतो. कुंड्या मी का घातल्या गोष्टीत? हव्या होत्या मला. तो नाही हो रागावणार. मला पाठ आहे तो. तो सगळं ऐकून घेईल, जरा वेळ खाली बघेल आणि म्हणेल, असू दे दादा, तू पलंग त्या बाजूनं धर. आणि ती ते ऐकेल. मग तिला कळेल, नाही का, दोघांतला कोण कसा आहे ते. जन्मभराचं कळेल. ते मला — तेवढं एक मला—

नाही, तिला ऐकू नाही जात. दुपारी गोळी घेते, गाढ झोप लागते. झोपेतच खोकते. मी दिवसभर इथं गिऱ्हाइकांशी काहीबाही बोलत असतो, तिला सवय आहे, माझं कुणी खरं धरत नाही.

हे घ्या. चालू झालं. कानाला लावा. ऐका — एकसारखं आहे की नाही? आता वर्षभर बघायला नको. फक्त रस्त्याकडच्या खिडकीपाशी ठेवू नका.

थांबा.

थांबलं ते. तुम्हालाही कळलं? मघापासून दर दोन मिनिटांनी होता ना तो घरघरणारा खोकला, आणि आता नाही. झोपलेल्या माणसाचा असा थांबत नाही. हा दाबून धरलेला आहे. किती वेळ झाला असेल? कुठपासून — मलमलपासून? की त्याच्याही आधीपासून?

तुमची नजर चांगली आहे, जरा पडद्याखाली बघा. मघाशी दोनच पाय होते ना, लाकडाचे? आता त्यांच्याशेजारी आणखी दोन आहेत. ते तिचे.

जा तुम्ही. नंतर बघू काय ते, जा. आणि जाताना दार ओढून घ्या, घट्ट — धूळ येते आत.